वर्कशॉपचं पाणी

कतारच्या हमद पोर्टपासून पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या त्या ट्रेलरच्या यार्डात थंड पाण्याचा कूलर एकच होता, आणि तो मधल्या फाटकापलीकडे, वर्कशॉपच्या शेडखाली होता. सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. कंपनीने नवे ट्रेलर घेतले, ते धुवायला टाकी बांधली, पण ड्रायव्हरांसाठी दुसरा कूलर बसवा म्हटलं की मॅनेजर नुसता ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. त्याच्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याचं ‘बघू’.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे तर पाणीच माशाच्या ताब्यात होतं, तरी ड्रायव्हर लोकांनी वैर केलं. गेल्या उन्हाळ्यात एकाने कूलरच्या नळाखाली तंबाखूची चूळ टाकली, वर्कशॉपच्या एकाने त्याची आई काढली, आणि बघता बघता पाने, सळया, साखळ्या बाहेर आल्या. त्या मारामारीत अमान नावाच्या फिटरचा पाना ड्रायव्हर रामेश्वरच्या डाव्या हातावर बसला. करंगळी आणि शेजारचं बोट मोडलं, ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. तेव्हापासून रामेश्वर डाव्या हाताने स्टिअरिंग तीन बोटांवर पेलायचा आणि दर वळणाला अमानला एक शिवी हासडायचा.

त्याच आठवड्यात कॅम्पातल्या खोलीत नानांनी करंडा काढला. नाना पुरंदरकडचे, यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. जेजुरीचा भंडारा त्यांच्या उशाशी स्टीलच्या करंड्यात असायचा. ड्रायव्हर झाडून सगळे आपल्याकडचेच, बीड, परभणी, नगर, सोलापूर इकडचे. एकेकाने चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला आणि शपथ घेतली की वर्कशॉपचं पाणी ओठाला लावणार नाही. लावलं तर खंडोबा बघून घेईल. कतारमध्ये, भर जुलैत, थंड पाणी न पिण्याची शपथ! असली शपथ घ्यायला आपल्याच लोकांची छाती लागते, आणि अक्कल गावाकडे ठेवून यावी लागते.

वर्षभर त्यांनी ती पाळली. सकाळी कॅम्पातून बाटल्या भरून आणायच्या. नऊ वाजेपर्यंत त्या पाण्यात चहापत्ती टाकली तर चहा व्हावा. दोघेजण उन्हाने चक्कर येऊन पडले, एकाला सलाईन लागलं. पण भंडारा म्हणजे भंडारा.

या उन्हाळ्यात कंपनीने कामगारांची कमिटी निवडायची ठरवली. यार्डाला जागा एक. वर्कशॉपने अमानला उभं केलं. ड्रायव्हर संख्येने जास्त होते, पण त्यांच्यात इच्छुक दोन होते, आणि दोघं उभे राहिले असते तर मतं फुटून अमान निवडून आला असता. म्हणून नानांनी तोडगा काढला. आधी आपल्या आपल्यात मतदान घ्यायचं, जो जिंकेल तो सगळ्यांचा. कंटेनरच्या दाराला लावायची प्लास्टिकची सीलं प्रत्येक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पडलेली असतातच. पिवळं सील पोपटरावांचं, पांढरं अनंतरावांचं. शुक्रवारी भाषणं, पुढच्या शुक्रवारी पाण्याच्या रिकाम्या जारमध्ये एकेकाने आपलं सील टाकायचं.

अनंतराव सोलापूरकडचे. अंगाने दांडगे, आवाज लाऊडस्पीकरसारखा. पोपटराव बीडचे, सावकाश बोलणारे, आणि रामेश्वरचे दाजी. थोरली बहीण बबीता त्यांच्या घरात दिलेली. रामेश्वरला कतारला आणलं त्यांनी, चाळीस फुटी ट्रेलर रिव्हर्स घ्यायला शिकवला त्यांनी, आणि बोटं मोडली तेव्हा दीड महिना त्याचे कपडे धुतले तेही त्यांनीच. तेव्हा रामेश्वरला विचार कसला करायचा होता? भाषणांच्या आधीच त्याने पिवळं सील शर्टाच्या खिशात टाकलं आणि चारचौघांत खिसा थोपटून दाखवला.

शुक्रवारी मटण झालं, ताटं उचलली गेली, आणि कॅम्पाच्या मेसमध्येच सभा भरली. अनंतराव आधी बोलले. वर्कशॉपवाल्यांना त्यांनी असं काही झोडपलं की पोरांनी टेबलं बडवली. मग पोपटराव उठले.

“म्या काही लई बोलणार न्हाई,” ते म्हणाले. “आपल्याला कूलर पायजे. तो मागायला वर्षभरात मॅनेजरकडं कोण गेलं? आपण न्हाई गेलो. वर्कशॉपवाले गेले. ड्रायव्हर उन्हात मरतेत, त्यांना दुसरा कूलर द्या म्हणून अमान दोनदा जाऊन आलाय. आन् रोज दुपारी त्यो आपल्या फाटकापाशी पाण्याचा लाल जार भरून ठिवतो. आपण पीत न्हाई. सांजच्याला त्यो त्या बोरीच्या झाडाला पाणी वततो आन् दुसऱ्या दिशी पुन्हा भरतो. वर्षभर. माणूस म्हणून ते आपल्यापरीस बरे हायेत. म्या निवडून आलो तर त्यांच्या अंगावर जाणार न्हाई, त्यांना संगं घेऊन मॅनेजरच्या अंगावर जाणार.”

मेसमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, “मग वर्कशॉपकडूनच उभा रहा की!” आणि हशा पिकला. तो हसण्यातला हशा नव्हता.

रामेश्वर खाली मान घालून बसला. त्याची मोडकी बोटं ठणकायला लागली. ज्या माणसाने ती मोडली त्याची तारीफ, आणि ती दाजींच्या तोंडून, सगळ्यांसमोर! उचलली जीभ लावली टाळ्याला. निदान आदल्या दिवशी कानात सांगायचं होतं. लोक वळून वळून त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेमागून राग आला.

खोलीवर गेल्यावर त्याने विचारलं, “दाजी, कशापायी बोलला तुमी ते?”

“खोटं बोललो का?”

“खऱ्याखोट्याचं न्हाई. मपल्या हाताकडं तरी बघायचं.”

पोपटराव त्याच्या हाताकडे बघतच म्हणाले, “त्याच्याकडं बघूनच बोललो, रामा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचा हात नको मोडाया.”

हे उत्तर चांगलं होतं, पण रागावलेल्या माणसाला चांगलं उत्तर फार झोंबतं. रामेश्वरने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी बबीताचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, “निवडून येत्यात का तुझे दाजी?” तो म्हणाला, “येतील की.” आणि दाजींविषयी एवढं कोरडं आपण याआधी कधी बोललो नव्हतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून त्याच्या एका खिशात पिवळं आणि दुसऱ्यात पांढरं सील असायचं. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो कधी एक चाचपायचा, कधी दुसरं.

अनंतरावांना भाषणात जे साधलं नव्हतं ते आयतंच हाती लागलं होतं. ते ट्रेलरामागून ट्रेलर फिरले. सोमवारपर्यंत ‘पोपटराव वर्कशॉपचे गुण गातो’ इतकंच होतं. मंगळवारी त्याचं ‘पोपटराव फुटला’ झालं. बुधवारी सकाळी यार्डभर एकच बोलणं होतं की पोपटराव वर्कशॉपचं पाणी प्यायलाय. कोणी पाहिलं? सगळ्यांनी ऐकलं होतं, पाहिलं कोणीच नव्हतं. जार कधी भरतात, कधी ओततात हे याला कसं ठाऊक, असा अनंतरावांचा सवाल होता, आणि तो लोकांना बिनतोड वाटला. बोरीचं झाड पोपटरावांच्या गाडीच्या जागेसमोरच होतं, बसल्या जागेवरून ते दिसायचं, हे मात्र कोणाला सुचलं नाही. सुचवून घ्यायचंच नव्हतं.

दहा वाजता उन्हामुळे बाहेरचं काम थांबलं. अनंतराव पाच-सहा जणांना घेऊन रामेश्वरच्या गाडीपाशी आले. नानाही होते, हातात करंडा.

“तुझ्या दाजीनं भंडारा मोडला,” अनंतराव म्हणाले. “आता त्यानं समद्यांम्होरं कबूल करावं. मारामारी करायची न्हाई कुणाला. पर त्याला बोलवायचं कुणी? आमी बोलावलं तर त्यो येनार न्हाई. घरच्या मानसानं इचारलेलं बरं.”

“नाना, तुमी काय म्हणता?” रामेश्वरने विचारलं.

नाना म्हणाले, “देवाचं काम हाय बाबा. इचारल्याशिवाय कसं व्हायचं?”

नुसतं विचारायचं आहे, असं रामेश्वरने स्वतःला बजावलं. पण त्या पाच-सहा जणांतल्या दोघांच्या हातात माल आवळून बांधायच्या सळया होत्या, आणि डोळे असलेल्या माणसाला त्या दिसायला हव्या होत्या. त्याला दिसल्याही. तरी तो गेला. मोडकी बोटं, मेसमधला हशा, खिशाकडे वळलेल्या नजरा, हे सगळं त्याला पुढे ढकलत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की माणूस असाच चावतो.

यार्डाच्या मागच्या अंगाला रिकामे कंटेनर रचलेले होते. त्यांच्या मधल्या गल्लीत वारा नाही, सावली नाही, पत्रा असा तापलेला की हात लावला तर कातडी निघावी. रामेश्वरने दाजींना तिथे बोलावलं. पोपटराव आले, डोक्यावर ओला पंचा होता. मागून बाकीचे आले आणि गल्लीचं तोंड बंद झालं. पोपटरावांनी मागे वळून पाहिलं आणि काय चाललंय ते त्यांना उमजलं.

“दाजी, एकच सांगा,” रामेश्वर म्हणाला. “त्यांचं पाणी पिलात का?”

पोपटराव म्हणाले, “तू बी?”

“न्हाई म्हणा. नुसतं न्हाई म्हणा.”

“तुला म्या न्हाई म्हणून दाखवू? तुला?”

एवढंच ते बोलले. ‘नाही’ हा शब्द त्या माणसाने शेवटपर्यंत उच्चारला नाही. ज्याला हाताला धरून शिकवलं त्याने विचारावं, हाच त्यांना अपमान वाटला होता. रामेश्वरला मात्र त्यात कबुली ऐकू आली. त्याचा हात उठला आणि दाजींच्या कानफटात बसला. पंचा उडून खाली पडला.

त्या एका थपडीचीच बाकीचे वाट बघत होते. घरच्यानेच हात टाकला, आता आपल्याला कोण विचारतो? पहिली सळई पोपटरावांच्या मांडीवर बसली, दुसरी बरगडीवर. ते कंटेनरला टेकले आणि तापलेल्या पत्र्याने दंड भाजला तसे पुढे झुकले, तिथे अनंतरावांचा गुडघा त्यांच्या तोंडावर आला. दात तुटल्याचा आवाज रामेश्वरने ऐकला. “बास, बास रे,” तो म्हणाला, पण ते त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. पोपटराव गुडघ्यांवर आले. कोणीतरी साखळी फिरवली आणि तिचा लोखंडी हूक त्यांच्या कानामागे लागला. ते आडवे झाले तरी लाथा थांबल्या नाहीत. ज्या माणसाने यातल्या निम्म्यांना लायसन काढून दिलं त्याच्या पोटात बुटांची टोकं जात होती, आणि मारणारे दर लाथेला ‘बोल, बोल’ म्हणत होते. तोंडात रक्त भरलेला माणूस बोलणार काय?

रामेश्वर मध्ये घुसला तोवर उशीर झाला होता. त्याने दोघांना ढकललं, एकाच्या मनगटाला चावला. तेव्हा कुठे ते मागे हटले. डांबरावर रक्त पडत होतं आणि पडल्या पडल्या वाळून काळं होत होतं. पोपटरावांचा एक डोळा मिटला होता. त्यांचे ओठ हलले. रामेश्वरने कान जवळ नेला.

“पाणी,” ते म्हणाले.

रामेश्वर धावत आपल्या केबिनमधून बाटली घेऊन आला. तो वाकला तोच अनंतरावांनी बाटलीवर लाथ मारली. बाटली कंटेनरवर आपटून फुटली, पाणी डांबरावर सांडलं आणि बघता बघता आटलं.

“आधी कबुली,” अनंतराव म्हणाले. “मग पाणी. कुनाच्या बी गाडीतलं पाणी मिळनार न्हाई. खलास.”

रामेश्वरने बाकीच्यांकडे पाहिलं. नानांनी मान दुसरीकडे फिरवली होती. आपण दाजींना जिवे मारतोय, हे त्याला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. बबीताचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग तो फाटकाकडे पळाला.

वर्कशॉपच्या लोकांनी रक्ताने भरलेला ड्रायव्हर धावत येताना पाहिला आणि पाने उचलले. गेल्या वर्षीचं सगळ्यांच्या लक्षात होतं. रामेश्वरने दोन्ही हात वर केले होते, तरी एकाने घातलेला पाइप त्याच्या खांद्यावर बसलाच. तो कोलमडला, पुन्हा उठला.

“रुको!” अमान पुढे आला. त्याची नजर रामेश्वरच्या मोडक्या बोटांवर गेली आणि क्षणभर तिथेच थांबली. “क्या हुआ?”

“पानी,” रामेश्वर म्हणाला. वर्षभर शिव्या दिलेल्या माणसापुढे त्याने ओंजळ धरली. “मेरे दाजी को. मर जाएँगे.”

अमानने लाल जार आणि स्टीलचा ग्लास त्याच्या हातात दिला, आणि दुसऱ्या हाताने फोन काढून अँब्युलन्सला लावला. तो फाटकापर्यंत सोबत आला आणि तिथे थांबला. “मैं अंदर आया तो फिर वही होगा,” तो म्हणाला. “तू जा. यल्ला, जल्दी.”

लाल जार घेतलेला रामेश्वर गल्लीत शिरला तेव्हा सगळ्यांनी वाट दिली. ती आदराने नव्हे, वर्कशॉपचं पाणी अंगावर उडू नये म्हणून. तो दाजींच्या उशाशी बसला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ग्लास भरून ओठांना लावला.

पोपटरावांनी ओठ मिटून घेतले.

“प्या दाजी. थंड हाय.”

त्यांनी उघडा होता तो डोळा जारकडे वळवला. लाल रंग त्यांनी ओळखला. फुटलेले ओठ त्यांनी आणखी घट्ट आवळले आणि मान एवढीशी हलवली. रामेश्वरने पुन्हा ग्लास लावला; पाणी हनुवटीवरून ओघळून गळ्यात गेलं, आत थेंब गेला नाही.

“भंडारा,” पोपटराव दातांच्या फटीतून म्हणाले. “उचललाय म्या.”

हे सगळ्यांनी ऐकलं. नानांनी हातातला करंडा खाली ठेवला. वर्षभर समोर रोज भरलेला जार बघत, बोरीच्या झाडाला पाणी मिळताना बघत, या माणसाने एक घोट घेतला नव्हता. त्याने फक्त जे दिसलं ते चांगलं आहे म्हणून सांगितलं होतं. आणि आता मरायला टेकला तरी घेत नव्हता. रामेश्वरला हुंदका फुटला. त्या गल्लीत शपथ पाळणारा खरा माणूस एकच होता, आणि त्याच्यावर पहिला हात आपण टाकला, हे त्याला सहन होईना.

त्याने ग्लास स्वतःच्या तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गटागटा पिऊन टाकला. पाणी बर्फासारखं होतं. एवढ्या दुःखातही घसा सुखावला, आणि त्या सुखाचीही त्याला लाज वाटली.

“बघा दाजी,” तो म्हणाला. “म्या मोडला. समद्यांम्होरं मोडला. आता ह्ये पाणी मपलं हाय, वर्कशॉपचं न्हाई. मेव्हण्याच्या हातचं पाणी पिणार न्हाई का तुमी? पाप लागंल ते मला लागंल. प्या.”

पोपटरावांचे ओठ हळूहळू सुटले. पहिला घोट रक्ताबरोबर बाहेर आला. दुसरा आत गेला. गळ्याची घाटी वर-खाली झाली, आणि त्यांनी रामेश्वरची मोडकी बोटं मुठीत धरली.

“अनंता, ऱ्हाऊ दे आता,” नाना कसेबसे म्हणाले.

पण अनंतरावांचं सगळंच पणाला लागलं होतं. पोपटराव खरा ठरला तर ते कोण ठरत होते? त्यांनी खाली पडलेली सळई उचलली.

“ह्यो बी फुटला,” ते म्हणाले. “समद्यांनी बघितलं. ह्यानं तर डोळ्यांदेखत पिलं.”

जे दाजींबद्दल म्हणत होते तेच. फरक इतकाच की या वेळी ते खरं होतं. रामेश्वरने मागे वळून पाहिलं नाही. लांबून सायरनचा आवाज यायला लागला होता, फाटकावर अमान ओरडत होता. रामेश्वर वाकला आणि त्याने आपल्या छातीखाली दाजींचं डोकं झाकून घेतलं. सळई त्याच्या पाठीवर बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हातातला जार त्याने पडू दिला नाही. तीन बोटांनी तो धरून त्याने ग्लास पुन्हा भरला आणि दुसरा फटका बसायच्या आत दाजींच्या तोंडाला लावला.